तोरणमाळचा यशवंत तलाव: एका दिवसात, पायी आणि वाटाड्यासोबत

(कॅमेऱ्यासमोर)

राम राम मंडळी!

शहादा, नंदुरबार, दोंडाईचा, धुळे. या पट्ट्यात कुठेही राहत असाल तर पहाटे निघून रात्री जेवायला घरी पोचता येईल, एवढ्या अंतरावर डोंगरमाथ्यावर एक तलाव आहे. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात, तोरणमाळच्या पठारावर. यशवंत तलाव.

तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. गाडी थेट काठापर्यंत जाते. उतरायचं, फोटो काढायचे, गरम भजी खायची, सीताखाईच्या दरीत डोकावायचं आणि परत. तसं जाण्यात वाईट काही नाही. घरात म्हातारी माणसं असतील, लेकरं लहान असतील, तर तसंच जावं. पण ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी एकदा तरी हे पठार पायी फिरावं आणि तिथल्याच माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावं. ते कसं जमवायचं आणि वाटाड्यासाठी मी एवढा आग्रह का धरतोय, ते आज सांगतो.

आधी रस्ता.

(दृश्य: तापीवरचा पूल, मग केळी आणि पपईचे मळे)

धुळ्याकडून येणाऱ्यांनी दोंडाईचा करून सारंगखेड्याला तापी ओलांडायची आणि शहादा गाठायचं. नंदुरबारकरांना प्रकाशावरून शहादा. रेल्वेने येत असाल तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार किंवा दोंडाईचा स्टेशन, तिथून पुढे एसटी. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी आणि मग घाट. शहाद्यापासून 50-55 किलोमीटर धरा. पण या किलोमीटरांवर वेळेचा हिशोब करू नका. शेवटचा टप्पा सगळा वळणांचा आहे. सातपायरी घाटात वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. दोन तास हाताशी ठेवा. म्हणजे सकाळी सहाला शहादा सोडलं तर आठच्या सुमाराला वर पोचाल, आणि चालायला तीच वेळ उत्तम.

आता थोडं डोंगराबद्दल. हे कळलं की तलाव बघायची नजरच बदलते.

सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला आपली तापी. आपल्या राज्यातल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, या दोघी पश्चिमेला, खंभातच्या आखाताकडे निघाल्यात. कारण जमिनीच्या पोटात आहे. या दोन्ही खोऱ्यांच्या कडेने मोठे भ्रंश आहेत, म्हणजे खडकाला खोलवर गेलेल्या भेगा. भेगांच्या बाजूची जमीन खाली गेली, मधला पट्टा उंच राहिला. तो उंच पट्टा म्हणजे सातपुडा. खडक मात्र आपल्या ओळखीचाच, काळा कातळ, बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातून हा तयार झाला.

(दृश्य: सीताखाईचा कडा, थर जवळून)

सीताखाईच्या समोरच्या कड्याकडे नीट बघा. काळ्या कातळाचा एक जाड पट्टा दिसेल, त्याखाली जरा ठिसूळ, भोकं-भोकं असलेला पट्टा, मग परत काळा. लाव्हाचा एकेक लोट वेगळा ओळखता येतो. घट्ट कातळातून पाणी सहजी झिरपत नाही, ठिसूळ थरातून झिरपतं. म्हणून पावसाळा संपल्यावरही कड्याच्या मध्येच एखादी ओली रेघ दिसते, तिथे नेचे आणि शेवाळ धरलेलं असतं. अशा पठारावर जिथे खोलगट जागा असेल आणि तळाला घट्ट कातळ असेल, तिथे चारी बाजूंच्या टेकड्यांचं पाणी येऊन थांबतं. कातळ झिजून झालेली चिकणमाती तळाला बसते आणि पाणी धरून ठेवते. खाली शहाद्याला मे महिन्यात बोअर आटत असताना वर पाणी चमकतं, ते यामुळे.

आणि हवा? पठार हजार मीटरच्या वर आहे, शहादा पार खाली तापीच्या खोऱ्यात. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली बेचाळीस असेल तर वर पाच-सहा अंश कमी. खान्देशातल्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे पाच-सहा अंश काय असतात ते मी सांगायला नको.

(कॅमेऱ्यासमोर)

आता मुख्य मुद्दा. वाटाड्या.

लोक म्हणतात, तलाव तर समोर दिसतोय, मोबाईलमध्ये नकाशा आहे, वाटाड्या कशाला? कशाला ते ऐका.

पठार वरून सपाट वाटतं, पण त्याला कडे आहेत. गवत कमरेएवढं वाढलं की कडा नेमका कुठे संपतो ते दिसत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. नकाशावर जी पायवाट दिसते ती गुरांनी पाडलेली असते, आणि गुरं जातात तिथे माणसानं जावंच असं नाही. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. कुठल्या कड्याखाली यंदा पोळं बसलंय हे नकाशा सांगत नाही. तिथला माणूस सांगतो, आणि तुम्हाला लांबून वळसा घालून नेतो. त्या भागात अत्तर लावू नका, विडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा करू नका. आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते.

ही झाली जिवाची काळजी. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं.

(दृश्य: तलावाचा काठ, ओला चिखल जवळून)

तलावाच्या काठाला चिखलात खुरांचे ठसे असतात. आपल्याला सगळे सारखेच. आमच्यासोबतचे वाटाडे दादा एका ठशापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, हे गुराचं नाही, रानडुकराचं. कसं ओळखलं? त्यांनी काडीने दाखवलं. पुढे दोन खुरांची खूण, आणि त्यांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन बारीक टोचे. डुकराची मागची छोटी खुरं खाली आणि बाहेरच्या बाजूला असतात, ती चिखलात उमटतात. गाईची वर असतात, ती सहसा उमटत नाहीत. मग त्यांनी ठशाच्या कडेची माती बोटाने दाबली. कडा अजून ओली आणि धारदार होती. म्हणाले, पहाटे येऊन गेलंय. तो काठ नंतर मला वेगळाच दिसायला लागला.

हेच झाडांचं. मोहाखालची जमीन मार्च-एप्रिलमध्ये झाडून साफ केलेली दिसली तर समजायचं, हे झाड कोणाच्या तरी घरचं आहे. पहाटे फुलं वेचायला माणसं येतात. तिथे चादर अंथरून पार्टी करायची नसते. चारोळी, तेंदू, आंबा, सीताफळ, यातल्या कित्येक गोष्टींवर घरं चालतात. धडगाव-मोलगीकडचं आमचूर बाजारात नाव कमावून आहे. ते याच डोंगरातल्या गावठी आंब्यांचं, कैऱ्या कापून उन्हात वाळवून केलेलं. आपण ज्याला जंगल म्हणून फिरतो ते इथल्या भिल्ल आणि पावरा घरांचं शेत आहे, कोठार आहे, बाजाराची वाट आहे.

वाटेचंच बघा. खडकी पॉइंटला आपण देखावा बघायला जातो. पण त्या बाजूच्या पाड्यांमधली माणसं पिढ्यानपिढ्या तशाच पायवाटांनी तोरणमाळला चढून आलीत, बाजारासाठी, रेशनसाठी, दवाखान्यासाठी. सातपुड्यात आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. तेव्हा त्या वाटेवर डोक्यावर ओझं घेतलेलं कोणी समोरून आलं तर आपण बाजूला व्हायचं. हा साधा रिवाज आहे, पण शहरातून गेलेले ग्रुप वाट अडवून सेल्फी घेत उभे असतात, आणि मला त्याचा राग येतो.

आणि पैशाचं बोलू या. स्पष्टच बोलतो.

पाऊस संपला की या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात. लेकरांची शाळा अर्धवट राहते. आपली फिरायची मोसम सुरू होते ती नेमकी तेव्हाच, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. चार-पाच ग्रुपांनी नियमित वाटाडे घेतले तर गावातल्या एखाद्या पोराला इथेच थांबावंसं वाटेल. म्हणून भाव करू नका. आदल्या दिवशी किंवा निघायच्या आधी आकडा ठरवा, आणि तो मजुरीच्या एका दिवसापेक्षा चांगला असू द्या, कारण तुमच्या जिवाची जबाबदारी तो घेतोय. जेवण तुमच्यासोबत. पैसे त्याच्या हातात, मधल्या माणसाच्या नाही.

वाटाड्या शोधायचा कसा? मुक्कामाची सोय असते तिथे विचारा, वन विभागाच्या लोकांना विचारा, गावात चहाच्या टपरीवर विचारा. हंगामात एक-दोन दिवस आधी निरोप गेलेला बरा. भेटल्यावर त्याला तुमच्यातलं सगळ्यात कच्चं माणूस दाखवा. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला दम लागतो, कोणाला उंचीची भीती आहे, ते लपवू नका. चांगला वाटाड्या त्या माणसाकडे बघून रस्ता ठरवतो. जो काही न विचारता "चला, सगळं दाखवतो" म्हणतो, त्याच्यापेक्षा दोन प्रश्न विचारणारा निवडा. भाषेची काळजी नको. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलतील, तुमच्याशी मराठी-हिंदीत.

(दृश्य: गोरक्षनाथ मंदिराकडची वाट)

दिवस साधारण असा लावा. गाडी गावात लावून आधी तलावाचा काठ, सकाळचं ऊन कोवळं असताना. मग गोरक्षनाथांचं देऊळ. नाथपंथीयांचं हे मोठं ठिकाण. महाशिवरात्रीला यात्रा भरते, मध्य प्रदेश-गुजरातेतूनही भाविक येतात. श्रद्धेने जायचं असेल तर तेव्हा जा, निवांत चालायचं असेल तर तो आठवडा सोडा. तिथून सीताखाई, दमखम असेल तर खडकीची बाजू, आणि परतताना कमळ तलाव. सगळं एका दिवसात बसवायचा हट्ट नको. दुपारी दोनला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे सकाळीच सगळ्यांसमोर ठरवून टाका. हिवाळ्यात सहाला अंधारतं, आणि दरीच्या बाजूला सावली त्याच्याही आधी पडते.

चालताना सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, त्याच्या बरोबरीने वाटाड्या. ग्रुपमधला एक भरवशाचा माणूस सगळ्यात मागे. उतारावर मुरमाचे बारीक खडे कातळावर पसरलेले असतात, गोट्यांसारखे पायाखालून सटकतात. तिथे लांब टांगा टाकू नका. गुडघे किंचित वाकवून, पाय आडवा ठेवत, छोटी पावलं. गुळगुळीत तळव्याचे बूट घरीच ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. शिदोरीला दादर ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी. खराब होत नाही आणि वाऱ्यावर बसून खाताना वेगळीच लागते. प्लास्टिक खाली घेऊन यायचं, वाटाड्याच्या हातात द्यायचं नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. तलावात पोहायला उतरू नका. आपल्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात, त्यामुळे वाटतं, हे काय पाणी. पण विहिरीचा काठ पक्का असतो. तलावाच्या काठाला गाळ असतो. पाय मांडीपर्यंत रुततो आणि ओढायला जावं तर दुसरा रुततो. पाणवनस्पतींचे देठ पायाला गुंडाळतात. पाणी गार असतं, दम लवकर तुटतो. मदत यायला वेळ लागतो.

सर्पदंश झाला तर घाबरून पळायचं नाही. चिरा द्यायच्या नाहीत, आवळून बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीपर्यंत, आणि सरळ दवाखाना. यासाठीच गाडीची चावी कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं.

भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे बघायला सगळ्यांनाच जावंसं वाटतं. जा, पण चालण्याचा बेत ठेवू नका. घाटात दगड येतात, धुक्यात कडा दिसत नाही. पायी फिरायचं तर सप्टेंबरअखेरपासून पुढे. आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर या भागात भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचे आदिवासींचे बाजार-मेळे, भरतात. तिथे कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत घाट उतरून काळापाणी मागे टाका. एसटीने आला असाल तर शेवटची गाडी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा.

आता अक्राणीच्या, धडगावच्या, तोरणमाळच्या मंडळींना एक विनंती. पठारावरच्या प्रत्येक नाल्याला, टेकडीला, झऱ्याला तुमच्या बोलीत नाव आहे, आणि त्यातली बरीच नकाशावर नाहीत. खाली लिहा. कुठला झरा, काय म्हणतात, कुठे आहे. पुढच्या व्हिडिओत मी ती नावं तलावाच्या नकाशावर टाकून दाखवतो.