किल्ली कोणाच्या हातात?

११ एप्रिल २०२४. रमजान ईदची सुट्टी, पण हरियाणाच्या महेंद्रगड जिल्ह्यातल्या एका शाळेची बस मुलांना घ्यायला निघाली होती. वाटेतल्या गावात लोकांच्या लक्षात आलं, ड्रायव्हर प्यायलेला आहे. त्यांनी बस अडवली, किल्ली काढून घेतली, शाळेला फोन लावला.

गावकऱ्यांनी नंतर सांगितलं, की ड्रायव्हर बदलू, आज जाऊ द्या, असं शाळेकडून उत्तर आलं. किल्ली परत गेली.

पुढे उन्हाणी गावाजवळ बस झाडावर आदळून उलटली. सहा मुलं गेली. बसचं फिटनेस प्रमाणपत्र २०१८ सालीच संपलं होतं. ड्रायव्हर आणि प्राचार्यांना अटक झाली.

मला राहून राहून ती किल्ली आठवते. काही मिनिटं ती कुणाच्या तरी मुठीत होती, आणि तेवढी मिनिटं मुलं सुखरूप होती.

दारू काय करते हे आपल्याला ठाऊक असतं. ती किती वेळ अंगात राहते, हे मात्र विसरायला होतं. रक्तातलं मद्याचं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. मध्यरात्री १०० मिलिलिटर रक्तात १२० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सहाला ३० उरतं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादाही नेमकी ३० च. म्हणजे रात्री उशिरापर्यंत बसलेला माणूस सकाळी दाढी-आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून पहिल्या फेरीला येतो, तेव्हाही तो शुद्धीवर असेलच असं नाही. लिंबूपाण्याने, कडक चहाने ती लवकर उतरत नाही. वेळ जावा लागतो, बस्स.

न्यूयॉर्कमध्ये ही मर्यादा ८० आहे, आपल्याहून कितीतरी सैल. पण तिथे एक गोष्ट आहे जी आपल्या कलम १८५ मध्ये नाही. ११ ऑक्टोबर २००९ ला मॅनहॅटनच्या हेन्री हडसन पार्कवेवर एक गाडी उलटली. आत सात मुली होत्या, मैत्रिणीकडे रात्री राहायला निघालेल्या. गाडी चालवत होती त्यांच्यातल्याच एकीची आई, प्यायलेली. अकरा वर्षांची लिआंड्रा रोसाडो त्यात गेली. तिच्या वडिलांनी दुःख बाजूला ठेवून पाठपुरावा केला, आणि १८ नोव्हेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असताना नशेत गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी तो गंभीर गुन्हा. चार वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मागच्या सीटवर कोण बसलंय, हे कलम विचारतच नाही. ते विचारलं गेलं पाहिजे.

लिआंड्राच्या बाबतीत ड्रायव्हर कुणी परका नव्हता. आपल्याकडेही लग्नाच्या हॉलबाहेर हेच घडतं. काका सगळ्या पोराटोरांना गाडीत कोंबतात, आणि "तुम्ही घेतलीय, मुलांना मी आणते" हे वाक्य वहिनींच्या ओठांवर येऊन परत जातं. वडीलधाऱ्याला कसं म्हणायचं? पण सात वर्षांच्या मुलाला तर तेही म्हणता येत नाही. त्याला "बस आत" म्हटलं, की ते बसतं.

महाराष्ट्रात २०११ च्या स्कूलबस नियमांनी शाळेत परिवहन समिती ठेवली, बसमध्ये मदतनीस ठेवला. कागदावरची ही माणसं रस्त्यावर उभी राहिली पाहिजेत.

सकाळचे सव्वासहा. थांब्यावर अजून अंधार आहे. बसच्या मावशी आधी ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जातात. "दादा, झोप झाली का?" खिडकीत हात टेकून, तोंडाजवळ तोंड नेऊन दोन मिनिटं बोलतात. मग मागे वळतात, आणि पहिल्या मुलाचं दप्तर हातात घेतात.