स्वप्नामाजी जागें

नमस्कार, श्रोतेहो.

आईच्या शेवटच्या दुखण्यात तीन महिने माझं रात्रीचं झोपणं असं नव्हतंच. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. अडीचच्या सुमारास ती पाणी मागायची. वाटी-चमच्यानं पाणी पाजून झालं की पुढं माझा डोळा लागायचा नाही. उशाशी दोन पुस्तकं असायची, दोन्ही गाथाच. एक हाल सातवाहन राजाची, एक तुकोबांची. आज जे सांगणार आहे ते त्या रात्रींनी दिलेलं.

हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या बोलीतली. त्यात एक बाई म्हणते, धन्य त्या, ज्यांना आपला माणूस निदान स्वप्नात तरी दिसतो. ‘णिद्द व्विअ तेण विणा ण एइ, का पेच्छए सिविणं.’ त्याच्यावाचून झोपच येत नाही, मग स्वप्न बघायचं कुणी? सिविण म्हणजे स्वप्न. किती मऊ शब्द आहे! झोप न येण्यातलं खरं दुःख मला तिनं दाखवलं. माणूस दूर आहेच, पण त्याला भेटायची जी एक चोरवाट होती, तीही बंद झाली.

पुढं ज्ञानदेवांची विरहिणी भेटते. तिच्यासाठी फुलांची शेज केली आहे, आणि ती म्हणते, ‘सुमनाची हे शेज सीतळ वो निकी, पोळे आगीसारिखी वेगीं विझवा कां.’ अंथरूण विझवा! रात्री तीनला उशी उलटी करून तिची गार बाजू ज्यानं शोधली आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग देहूचे तुकोबा. दुष्काळात द्रव्य आटलं, एक बायको अन्न अन्न करत गेली, असा हा घरचा वाणी. त्याला स्वप्न पडतं. ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें, सवें पांडुरंगें येऊनियां.’ ही ओळ मी कितीदा वाचली असेल! आपण स्वप्नातून जागे होतो. तुकोबांना स्वप्नातच जागं केलं गेलं. आणि कशासाठी, तर काम सांगायला. ‘सांगितलें काम करावें कवित्व.’ वर उगाच सबबी सांगू नकोस अशी ताकीद. विठ्ठल झोपलेल्याला थापटून सावध करतो, माप टाक म्हणून हट्ट धरतो, आणि नामदेवांच्या संकल्पातले शतकोटीपैकी उरलेले अभंग तुक्याच्या वाट्याला लावले जातात. वाण्याचं स्वप्न आहे, म्हणून त्यात माप आहे, मोजदाद आहे. मला या अभंगावर पूर्ण विश्वास बसतो तो त्या मापामुळे.

याच तुकोबांना त्यांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी आधी स्वप्नात पाहिलं. कोल्हापुरात कीर्तनातून त्यांचे अभंग कानावर पडले होते. भेट झालेली नव्हती. ब्राह्मणाच्या घरच्या बाईनं शूद्राला गुरू करायचं, हे त्या काळी जागेपणी कुणी होऊ दिलं नसतं. नवऱ्यानं पुढं छळ मांडलाच. पण स्वप्नाच्या वेशीवर चौकी नसते. तिथं तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवला, मंत्र देऊन गेले.

तुकोबांना स्वतःला गुरुमंत्रही स्वप्नातच मिळाला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत बाबाजी भेटले. राम कृष्ण हरि हा मंत्र त्यांनी दिला. आणि एक मागणं केलं: ‘भोजना मागती तूप पावशेर, पडिला विसर स्वप्नामाजी.’ एवढी मोठी कृपा झाली आणि तुकोबांना चुटपुट कसली लागली? तूप द्यायचं राहून गेलं, याची.

एका रात्री हा अभंग मी आईला वाचून दाखवला. ती ग्लानीत आहे असं वाटत होतं. थोड्या वेळानं डोळे न उघडता तिनं विचारलं, “मग दिलं का रे त्यांनी तूप?”

मी म्हटलं, “नाही गं. विसरले, असंच लिहिलंय.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सकाळी आठवलं असेल. घरात असेल तेवढं वाढलं असेल कुणाच्या तरी पानात.”

आणि त्या रात्री ती पहाटेपर्यंत झोपली.