अकरावीत पाया कुठे खचतो?

नमस्कार, श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या घराघरांत एकच विषय असतो: कॉलेज कोणतं? आरवायके, बीवायके, केटीएचएम, बिटको, गेल्या वर्षीचा कट-ऑफ, पसंतिक्रम. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. ऑनलाइन अर्जात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. म्हणून जिथे खरंच जायचं आहे तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहा. सिन्नर किंवा दिंडोरीहून रोज ये-जा करणार असाल, तर बसमध्ये जाणारा वेळ आधी मोजा. दोन-चार टक्के वरच्या कट-ऑफपेक्षा रोजचे वाचलेले दोन तास मोलाचे असतात.

खरी काळजी पुढची आहे. दहावीत उत्तम गुण मिळवलेली अनेक मुलं अकरावीच्या पहिल्या चाचणीत गडबडतात. घरी म्हणतात, कॉलेजची हवा लागली. बहुतेक वेळा तसं नसतं. अकरावीच्या पुस्तकांत काही ठरलेल्या जागा आहेत, तिथे पाय घसरतो. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात त्या रिकाम्या आठवड्यांत त्या जागा बुजवता येतात.

पहिली जागा भाषेची. मराठी माध्यमातून सायन्सला जाणाऱ्या मुलाला विज्ञान येत असतं, पण इंग्रजीतलं वाक्य अडवतं. यासाठी वेगळा इंग्रजीचा क्लास नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उतरवून घ्या आणि आपलं मराठी पुस्तक शेजारी उघडा. गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करा. आशय आधीच पाठ आहे, त्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर राहतं. रोज दोन पानं मोठ्याने वाचा आणि शेवटी एक व्याख्या पुस्तक मिटून इंग्रजीत लिहा. नुसती शब्दांची यादी पाठ केली तर परीक्षेत वाक्य जुळत नाही.

दुसरी जागा गणिताची, आणि इथे जरा थांबायला हवं. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. त्यात सदिश, म्हणजे दिशा असलेल्या राशी येतात आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) व इंटिग्रेशन यांची तोंडओळख येते. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी आहे. म्हणजे जे गणिताच्या तासाला महिनोन् महिने भेटणार नाही, ते भौतिकशास्त्राचे सर पहिल्याच चाचणीआधी वापरू लागतात. मूल बावरतं आणि आपलं गणित कच्चं आहे असं समजून बसतं. यावर उपाय छोटा आहे. एक्सचा वर्ग, एक्सचा घन, साइन आणि कॉस यांचे डेरिव्हेटिव्ह, शिवाय आलेखाचा चढ म्हणजे काय, एवढं आधी समजून घ्या. आठ-दहा दिवस रोज तासभर दिला तर पुरतं.

त्याच जोडीला लॉग टेबल, म्हणजे मोठे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणणारा तक्ता. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि प्रयोगशाळेतले आकडेही त्यावरच सोडवले जातात. चूक ठरलेली असते. ०.००३५७ या संख्येचा लॉग काढताना पूर्णांश येतो बार तीन आणि अपूर्णांश ०.५५२७. वजा असतो फक्त तीन, ०.५५२७ हा अधिकच राहतो. मुलं दोन्ही वजा धरतात आणि उत्तर पार बिघडतं. पूर्णांश आणि अपूर्णांश वेगळे मांडायची सवय लावा. रोज पाच गुणाकार-भागाकार टेबलवर करा, दोन आठवड्यांत हात बसतो.

रसायनशास्त्रात ही जागा आहे मोल, म्हणजे कण मोजायचं एकक. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, म्हणजेच ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू. हे पहिल्याच प्रकरणात येतं आणि बारावीच्या द्रावणांपर्यंत पाठ सोडत नाही. ग्रॅमवरून मोल, मोलवरून रेणू, आणि तसंच उलट, अशी तीस उदाहरणं हाताने सोडवा. वर्षाच्या शेवटी येणारी सेंद्रिय रसायनाची दोन प्रकरणं घाईत उरकली जातात. तसं होऊ देऊ नका. बारावीचा अल्कोहोलपासून अमाइनपर्यंतचा भाग त्यांच्यावरच उभा आहे.

एमएचटी-सीईटी ही राज्याची इंजिनीअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा. तिच्या आजवरच्या रचनेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे ५० प्रश्नांच्या विषयात साधारण दहा. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारखाच लागतो. वेगाचा फरकही ध्यानात घ्या. बोर्डाच्या ७० गुणांच्या पेपरला तीन तास असतात, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटांहून थोडं जास्त. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं मिळतात. म्हणून प्रत्येक प्रकरण आधी पूर्ण पायऱ्यांसह लिहून सोडवा आणि आठवड्याने त्याच प्रकरणाचे पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. हा क्रम उलटा झाला तर बोर्डात पायऱ्यांचे गुण जातात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, नीटमध्ये कापले जातात. अंदाजाने उत्तर भरण्याची सवय कुठे लावायची, हे आधी ठरवा.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, या व्यवस्थेत प्रयोगशाळा सुटते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. जानेवारीत दुसऱ्याचं जर्नल उतरवून हात तयार होत नाही. त्यातच ७५ टक्के हजेरीचाही नियम आहे.

विषय निवडताना एवढं पाहा: गणित सोडलं तर इंजिनीअरिंगचा रस्ता बंद होतो, जीवशास्त्र सोडलं तर वैद्यकीयचा. फार्मसीला दोन्हींपैकी एक चालतं. निर्णय होत नसेल तर दोन्ही ठेवा, पण दिवाळीपर्यंत कोणती परीक्षा मुख्य ते ठरवा.

कॉमर्सच्या मुलांनी बुक-कीपिंगमध्ये जर्नल, लेजर आणि ट्रायल बॅलन्स अकरावीतच पक्कं करावं, कारण बारावीचं पुस्तक थेट भागीदारीच्या अंतिम खात्यांपासून सुरू होतं. सीए करायचं मनात असेल तर गणित सोडताना दोनदा विचार करा. फाउंडेशन या सीएच्या पहिल्या परीक्षेचा तिसरा पेपर १०० गुणांचा असतो आणि त्यात व्यवसाय गणित, तर्क आणि सांख्यिकी आहे. आर्ट्सला हुशारी कमी लागते, हा समज सोडून द्या. तिथे हाताने लिहिलेलं उत्तर मोजलं जातं. आठवड्याला दोन दीर्घोत्तरं वेळ लावून लिहावीत आणि शिक्षकांकडून तपासून घ्यावीत.

2027च्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या वर्षी बारावीत असणाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रस्ते आणि वाहतूक बदललेली असेल हे धरून चालावं आणि प्रथम सत्राचा मोठा वाटा जुलैअखेर संपवावा.

आता कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावात किंवा आईच्या नावात चूक असेल तर शाळेमार्फत आत्ताच दुरुस्त करून घ्या. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत भरायला बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. पुरावे जुने लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला गावच्या जिल्हा परिषद शाळेत मिळू शकतो. दाखल्यावरचं नाव आणि आडनाव आजच्या कागदांशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा, जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी तो चालू मुदतीचा आहे ना, हे सेतू केंद्रात एप्रिलमध्येच विचारून घ्या.

नमस्कार.