मायकाच्या रेघा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील या शेडमध्ये मोटारी भरल्या जातात, म्हणजे जळालेले वाइंडिंग काढून नवे घातले जाते. लेथवर चढवलेले हे आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, तार ओढण्याच्या यंत्रावरील डीसी मोटारीचे आहे.

त्याच्या टोकाचा चकचकीत दंडगोल म्हणजे कॉम्युटेटर. तो अखंड भासत असला, तरी तांब्याच्या सुट्या पट्ट्यांचा बनलेला असून दर दोन पट्ट्यांमध्ये मायकाचा पातळ थर आहे. चुंबकीय क्षेत्रातील तारेतून प्रवाह वाहिला की तिच्यावर बल येते, म्हणून आर्मेचर फिरते. मात्र अर्ध्या फेरीनंतर तीच तार विरुद्ध ध्रुवाखाली पोहोचते आणि प्रवाहाची दिशा तेव्हा बदलली नाही, तर बल उलटे लागेल. ती दिशा नेमक्या क्षणी पालटण्याचे काम या पट्ट्या आणि त्यांवर टेकलेले कार्बन ब्रश, म्हणजे प्रवाह आत पोहोचवणारे कार्बनचे ठोकळे, करतात.

कारागिराच्या हातातले पाते हॅक्सॉचे आहे, घासून बारीक केलेले. मायका तांब्याइतका झिजत नाही. तांबे खाली गेले की तो वर उरतो, ब्रश उडू लागतो आणि ठिणग्या पडतात. म्हणून प्रत्येक रेघ सुमारे १ मिलिमीटर कोरायची, मग खाचेच्या दोन्ही कडांची बुरी, म्हणजे उरलेली धारदार कोर, काढायची. एकही रेघ सोडून चालत नाही.

फिरणारे आर्मेचर जनित्राप्रमाणेही वागते आणि पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब निर्माण करते. पुरवठा २२० व्होल्ट आणि आर्मेचरचा रोध १ ओहम धरला, तर विरोधी दाब २१० व्होल्ट असताना प्रवाह अवघा १० अँपिअर असतो. पण उभ्या मोटारीत हा दाब शून्य, म्हणजे प्रवाह थेट २२० अँपिअर. कोपऱ्यातील हँडलचा जुना स्टार्टर त्यासाठीच आहे: आधी जास्त रोध, मग वेग वाढेल तसा एकेक टप्पा कमी.

विरोधी दाब वेग आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंवर अवलंबून असल्याने वेग बदलण्याचे मार्गही दोन. आर्मेचरला मिळणारे व्होल्टेज उतरवले की वेग उतरतो. फील्डचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांचा, प्रवाह कमी केला की मात्र वेग वाढतो, कारण क्षेत्र क्षीण झाल्यावर तेवढाच विरोधी दाब उभा करायला आर्मेचरला जोरात फिरावे लागते. मोटारीची ओढण्याची ताकद तेवढी घटते. बिनलोडाच्या शंट मोटारीचे (जिचे फील्ड आर्मेचरला समांतर जोडलेले असते) फील्ड चालू असताना तुटले, तर ती बेफाम सुटते.

व्होल्टेज हवे तसे बदलण्यासाठी हॅरी वॉर्ड लेनर्ड यांनी १८९१ मध्ये मोटारीसाठी स्वतंत्र जनित्रच जोडले. त्याच्या आदल्या वर्षी सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली होती, आणि शास्त्र हाताने शिकायचे असते ही तिथली धारणा या शेडमध्ये आजही पाहायला मिळते. लेनर्ड यांच्या जनित्राची जागा पुढे थायरिस्टर ड्राइव्हने, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने, घेतली.

नव्या यंत्रांवर आता बहुधा एसी मोटारी येतात, त्यामुळे अशी आर्मेचरे कमी येतात.

ब्रश काचपेपरने घासून गोलाईत बसवले आहेत. एमरी पेपर इथे वापरत नाहीत, कारण त्याचे कण तांब्यात रुततात. ड्राइव्हचे बटण हळूहळू फिरते, मीटरचा काटा चढतो. शेडमधले दिवे आता मालवले आहेत, कारण ब्रशाखाली ठिणगी आहे की नाही, हे अंधारातच नीट दिसते.