सारवणाची ओल आणि ग्लेझची भिंत

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. घरची ओटीची भिंत मी पहिल्यांदा ग्लेझ लावून रंगवायला घेतली. अर्ध्यावर आलो आणि आतून चहाची हाक आली. चहाबरोबर गजाली रंगल्या. वीसेक मिनिटांनी परत येऊन बघतो तर जिथं हात थांबला होता तिथं वरपासून खालपर्यंत गडद पट्टा. तो लपवायला त्यावर पुन्हा हात मारला, तर पट्टा आणखी गडद! उरलेल्या भिंतीवर स्पंजचे ठिपके बघून आत्या म्हणाली, "भिंतीक देवी इली काय रे?" त्या पट्ट्यासमोर आज कपाट आहे.

चूक कुठं झाली ते सांगतो. ग्लेझ म्हणजे जवळजवळ रंग नसलेला रंग. त्यात ॲक्रिलिकचा चिकटपणा असतो, पण झाकण्याची ताकद नसते, आणि तो सावकाश सुकतो. चार भाग ग्लेझमध्ये एक भाग इमल्शन मिसळलं की पारदर्शक थर तयार होतो. उजेड त्यातून आत जातो, खालच्या रंगावर आपटून परत येतो, म्हणून भिंतीला खोली आल्यासारखी वाटते. पण थर पारदर्शक, म्हणजे सुकलेल्या कडेवर पुन्हा चढला की तिथं दुप्पट गडद दिसणारच.

आता तुमच्या आजीची सारवलेली जमीन आठवा. शेणकाला ओला असेतोवर हात फिरायचा, एकात एक अर्धचंद्र उमटायचे, आणि ती मागे सरकत सरकत दारापर्यंत यायची. मधे कड सुकू द्यायची नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ग्लेझचं कामही तसंच. एकानं दोन-तीन फुटांचा पट्टा रोलरनं लावत जायचा, दुसऱ्यानं मागोमाग तो ओला असतानाच चिंधीनं किंवा स्पंजानं टिपून नक्षी उठवायची. कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत थर जास्त वेळ ओला राहतो, म्हणजे कोरड्या गावांपेक्षा आपल्याला सवड थोडी जास्त. मात्र पंखा लावलात तर ती गेली.

खालचा रंग सॅटिनचा, म्हणजे किंचित चकाकीचा, घ्या. मॅट रंग ग्लेझ पिऊन टाकतो, मग चिंधी फिरत नाही, नुसती खरवडते. आणि तो खालचा हात पुरता सुकू द्या. पावसात दोन दिवससुद्धा कमी पडतात.

हत्यारांवर मी जास्त बोलणार नाही. जुन्या सुती धोतराची चिंधी पिळून गुंडाळली की चुरगळलेल्या कापडासारखा पोत येतो. बाजारचा चौकोनी स्पंज असेल तर त्याच्या कडा कुरतडा, नाहीतर भिंतभर बिस्किटं उमटतील. मला स्वतःला नारळाचं सोडण ठेचून केलेला कुंचा आवडतो. त्याच्या रेषा वाकड्या येतात, आणि त्यातच मजा आहे.

पण खरं दुखणं वेगळंच आहे, ते म्हणजे आपला चिरा. जांभा सच्छिद्र दगड. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार गिलाव्यात स्फटिक होऊन फुगतात आणि पोपडे सुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. अशा भिंतीवर ग्लेझसारखा प्लास्टिकचा थर चढवणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. म्हणून आधी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं बंद करून 24 तास भिंतीला चिकटवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले किंवा गिलावा काळवंडला तर ओल आतली आहे. मग ग्लेझचा डबा विकत घेऊ नका. आधी पागोळी, पन्हळ, जोत्यालगतची माती बघा.

ज्यांच्या घरी अजून चुन्याचा गिलावा आहे त्यांनी तर ग्लेझच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत. भिजवलेला चुना पाण्यात पातळ करा, त्यात गेरू किंवा पिवडी घाला आणि कुंच्यानं आडवेतिडवे तीन-चार पातळ हात द्या. ओला असताना चुना फिकट, पाणचट दिसतो, तेव्हा घाबरून जाड थर देऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो हळूहळू पांढरा, घट्ट होतो आणि ढगांसारखे पुंजके आपोआप उमटतात. शिवाय भिंत श्वास घेत राहते. आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत असत, तेव्हा हा प्रकार इथल्या घरांना परका नाही. फक्त बाजारातला कुठलाही रंग त्यात ओतू नका, चुन्यात बरेच रंग मरतात. डोळे आणि हात सांभाळा, चुना भाजतो.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मात्र यातलं काहीही सुरू करू नका, सुकणार नाही आणि मखर चिकटून बसेल.

बरं, हा प्लायचा तुकडा आणलाय, त्याला पिवळट सॅटिन आधीच दिलंय. पुढच्या रांगेतल्या दोघी वर या. एकीनं रोलर घ्या, एकीनं चिंधी. आणि बाहेर चहावाल्याला कुणीतरी सांगा, अजून दहा मिनिटं येऊ नकोस.