निसरड्या दगडावरची काच

श्रोतेहो, नमस्कार. नदीत उतरताना पाय सटकला की आपण शेवाळाच्या नावानं बोटं मोडतो. पण दगड हिरवा नसून तपकिरी असेल, तर तो थर बहुधा डायटमचा असतो. नखानं खरवडा, चिकट साका हाती येईल. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की नावेच्या आकाराच्या पेशी सरपटताना दिसतात. अडथळा आला की बऱ्याचदा तशाच उलट्या पावली मागे फिरतात. तासन्‌तास बघत बसावं असं दृश्य!

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. मराठीत त्याला करंडक म्हणतात, आणि नाव चपखल आहे. तळ आणि झाकण एकमेकांत बसणारी डबी, तीही सिलिकाची, म्हणजे जवळपास काचेचीच. पेशी दुभंगली की एकीला जुनं झाकण मिळतं, दुसरीला जुना तळ. दोघीही मिळालं त्यालाच झाकण मानून आत नवा तळ घडवतात. साहजिकच दुसरी जरा लहान राहते. असं पिढ्यान्‌पिढ्या आक्रसत गेल्यावर लैंगिक प्रजननातून आकार पुन्हा मूळपदावर येतो.

ही तपकिरी साय म्हणजे नदीतलं कुरण. गोगलगायी आणि कीटकांची पिल्लं ती खरवडून खातात, त्यांच्यावर मासे जगतात. डायटम आपलं अन्न तेलाच्या थेंबांतही साठवतात, त्यामुळे चारा कसदार.

सरोवरात मात्र सगळं गणित सिलिकावर अडतं. इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरात वसंतात चांदणीसारख्या अ‍ॅस्टेरिओनेला या डायटमचं पेव फुटतं. पाण्यातलं सिलिका लिटरला साधारण 0.5 मिलिग्रॅमवर आलं की डब्या घडवायला माल उरत नाही आणि बहर ओसरतो. शेतांतून, गटारांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतच राहतात. सिलिका तेवढं येत नाही, उलट धरणांमागे अडकतं. मग ज्यांना काच लागतच नाही अशा शैवालांचं फावतं. पाणी हिरवं झालं की चर्चा खतांची होते, सिलिकाचं नाव क्वचितच निघतं.

मेलेल्या डायटमच्या डब्या तळाच्या गाळात थरावर थर साचतात. 1980 च्या दशकात रिक बॅटरबी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागातल्या सरोवरांचा असा गाळ तपासला. साधारण 1850 नंतरच्या थरांत आम्ल पाण्यात तगणाऱ्या जाती वाढत गेलेल्या दिसल्या. कोळशाच्या धुरातलं गंधक पावसाबरोबर उतरून पाणी आम्ल करत होतं. आम्लता मोजायचं पीएच हे माप तर 1909 साली निघालं; त्याआधीच्या बदलाची नोंद या डब्यांनीच ठेवली.