गाठ काढल्यावर स्तन दिसेल कसा?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगावर बोलायला बोलावलं, की गाठ लवकर कशी ओळखावी हेच सांगायचं असं धरलेलं असतं. ते आज मी बाजूला ठेवते. त्याबद्दल तुम्ही ऐकलेलं आहे आणि ऐकून तपासणी पुढे ढकललेलीही आहे. आज बोलायचंय ते त्यापुढचं. गाठ काढली, स्तन ठेवला. मग तो दिसतो कसा? आणि तसाच का दिसतो?

हा प्रश्न ओपीडीत फारसा निघत नाही. निघालाच तर सोबत आलेली सासू किंवा जाऊ तो मिटवते. "आधी जीव वाचू दे, दिसण्याचं काय घेऊन बसलीस?" बाई गप्प होते. पुढे ऑपरेशन होतं, टाके निघतात, आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला ती हळूच विचारते, "हा खड्डा भरून येईल ना हो?" तोपर्यंत उशीर झालेला असतो. खड्डा पडणार की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या ऑपरेशनच्या टेबलावर, खरं तर त्याच्याही आधी, ठरून गेलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न आधी विचारा. तो विचारल्याने जीव धोक्यात येत नाही, आणि तसं म्हणायला भक्कम आधार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकागाठी (लिम्फ नोड्स) असं सगळंच काढून टाकत. जेवढं जास्त कापाल तेवढी बाई सुरक्षित, हा त्यामागचा विचार. जवळपास पाऊण शतक त्याचाच पगडा होता. मग इटलीत मिलान इथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांवर चाचणी घेतली. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या या बायकांपैकी निम्म्यांचं हॉल्स्टेड पद्धतीचं ऑपरेशन झालं आणि निम्म्यांच्या स्तनाचा फक्त गाठ असलेला चतुर्थांश काढून उरलेल्याला किरणोपचार दिले. वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू हॉल्स्टेड गटात २४.३ टक्के, स्तन ठेवलेल्या गटात २६.१. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरकच नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांच्या मोठ्या चाचणीचेही वीस वर्षांचे निकाल आले. तिथे चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी घेतल्या होत्या. निष्कर्ष तोच.

आता दुसरी बाजू. स्तन ठेवला की त्याच स्तनात गाठ पुन्हा येण्याची शक्यता थोडी जास्त राहते, हे खरं आहे. आणि किरणोपचार टाळून चालत नाही. फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढून सोडलेल्या बायकांपैकी ३९.२ टक्क्यांना वीस वर्षांत त्याच स्तनात गाठ पुन्हा आली. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. आकडे त्या काळातले आहेत, आजची औषधं तेव्हा नव्हती. पण "ऑपरेशन करते, शेक नको" असं कुणी म्हणालं (किरणोपचारांनाच शेक म्हणतात), की मला हेच दोन आकडे आठवतात.

तर, दिसणं कशावर ठरतं?

पहिली गोष्ट म्हणजे गाठीचा आकार नुसता बघायचा नाही, स्तनाच्या मानाने बघायचा. भरलेल्या स्तनातून तीन सेंटिमीटरची गाठ गेली तर कदाचित कळणारही नाही. लहान स्तनातून तेवढीच गेली की आकार बिघडतो. साधारण एक पंचमांशापेक्षा जास्त भाग काढावा लागला, तर नुसतं कापून शिवून भागत नाही. दुसरी गोष्ट जागेची. वरच्या बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला, भरपूर मांस असतं. तिथे थोडं गेलं तरी झाकून जातं. आतल्या बाजूला, जिथे मंगळसूत्र टेकतं तिथे, मुळात भरावच कमी. शिवाय छातीच्या हाडाजवळच्या त्वचेवर व्रण उंच आणि जाड होऊन बसण्याची प्रवृत्ती असते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खालचा भाग. तिथली गाठ काढून कडा नुसत्या ओढून शिवल्या तर स्तनाग्र खाली वळतं आणि स्तन पक्ष्याच्या चोचीसारखा दिसू लागतो. सर्जन लोक या विकृतीला चोचीचंच नाव देतात. ही उपमा माझी नाही.

छेद कुठे आणि कसा घेतला यानेही फरक पडतो. वरच्या भागात स्तनाग्राला समांतर गोलाई धरून, खालच्या भागात बहुधा किरणांसारखा सरळ. काखेतल्या गाठींसाठी शक्यतो वेगळा छेद, नाहीतर स्तन काखेकडे ओढला जातो. ऑपरेशननंतर आत पाणी साचलं, जंतुसंसर्ग झाला, तर तिथे पुढे निबरपणा येतो.

पण दिसण्याची खरी नासाडी होते ती दुसऱ्यांदा कापावं लागलं की. काढलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागाला प्रयोगशाळेत शाई लावतात आणि कर्करोगाच्या पेशी शाईपर्यंत पोचल्यात का ते बघतात. पोचल्या असतील तर परत ऑपरेशन. पूर्वी पेशी शाईपासून अमुक मिलिमीटर लांब हव्यात असा आग्रह असे आणि त्यापायी अनेकींना विनाकारण पुन्हा टेबलावर जावं लागे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग सर्जनांच्या आणि किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून सांगितलं, की आजूबाजूच्या मांसात शिरलेल्या कर्करोगात शाईला पेशी लागलेल्या नसल्या की पुरे. त्याहून रुंद कड घेऊन फायदा वाढत नाही. एका ओळीच्या या निर्णयाने किती स्तनांचे आकार वाचले असतील!

इथे एक चीड येते ती सांगते. आमच्याकडे काही बायका अशा येतात, की गावात कुणीतरी "साधी गाठ आहे, काढून टाकू" म्हणून सुईची तपासणी न करताच ती काढलेली असते. छेद भलत्या दिशेला, तुकडा टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नाही, त्याची कोणती बाजू कुठली हे सांगणाऱ्या खुणा नाहीत. मग कुठून किती काढायचं हे ठरवणंच मुश्कील होतं आणि बाईच्या वाट्याचं मांस उगाच जास्त जातं. गाठ कापायच्या आधी सुईने तुकडा काढून तपासणी झालीच पाहिजे. त्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे.

गाठ मोठी असेल तर? आपल्याकडे बऱ्याच जणी मोठी गाठ घेऊनच येतात. अशा वेळी आधी केमो देऊन गाठ लहान करता येते आणि मग स्तन ठेवता येतो. फक्त एक काळजी घ्यायची, केमोआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवून घ्यायची. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनने कापायचं कुठे?

आता खड्डा भरण्याचं. गादीचा कापूस एका जागी दबला की पिंजारी आजूबाजूचा कापूस मोकळा करून तिथे सरकवतो. तेच इथे करतात. उरलेलं मांस त्वचेपासून आणि खालच्या स्नायूपासून थोडं सुटं करून पोकळीत आणून बसवायचं. पॅरिसचे सर्जन क्रिश्ना क्लॉ यांनी २०१० मध्ये याची मांडणी केली. वीस टक्क्यांपर्यंत भाग जाणार असेल तर हे पुरतं. वीस ते पन्नास टक्के जाणार असेल, तर स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करतात तशी रचना करून आकार नव्याने घडवायचा. गरज असेल तर दुसरा स्तनही त्याच्या जोडीला आणायचा. मोठ्या, ओघळलेल्या स्तनाचा ज्यांना जन्मभर मानेला-खांद्याला त्रास झाला, त्यांना यात अनपेक्षित आरामही मिळतो. आणि हे पहिल्याच ऑपरेशनमध्ये करायचं. एकदा शेक बसला की ऊतींचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथे पुन्हा कात्री लावली तर जखम भरायला वेळ लागतो, गुंतागुंती वाढतात. "आधी गाठ काढू, आकाराचं नंतर बघू" ही मांडणी ऐकायला शहाणपणाची वाटते, पण नंतर बघायला फारसं हातात उरत नाही. चरबी भरून खड्डा कमी करता येतो, नाही असं नाही, पण तो दुसरा पर्याय.

मिशरी लावणाऱ्या भगिनींना, आणि सोलापूर जिल्ह्यात त्या कमी नाहीत, एक विनंती. सर्जनला सांगा. लपवू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेलं मांस, ताणलेली त्वचा रक्तावरच जगते.

किरणोपचाराबद्दल लोकांच्या मनात "जळतं" एवढंच असतं. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लाल होते, आपल्या वर्णाला तर ती काळवंडतेच. हे बरंचसं निवळतं. भारी स्तन असेल तर खालच्या घडीत, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात, त्वचा सोलवटते. तिथे सैल सुती कपडा हवा. मात्र खरा बदल सावकाश येतो. सुरुवातीला स्तन सुजलेला असतो, त्यामुळे तो भरलेला आणि छान दिसतो. सूज उतरली, की पुढची दोन-तीन वर्षं तो हळूहळू आकसतो, घट्ट होतो. म्हणून सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोवर निकाल द्यायचा नाही. साधारण तीन वर्षांनी चित्र स्थिर होतं.

पूर्वी पाच आठवडे, पंचवीस वेळा किरण देत. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं, की तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिले तरी रोगावर परिणाम तोच आणि स्तनाचं आकसणं उलट थोडं कमी. २०२० मध्ये पाच दिवसांत पाच वेळा देण्याचे पाच वर्षांचे निकाल आले. रोग आटोक्यात ठेवण्यात तेही कमी पडले नाहीत. हे मी इथे मुद्दाम सांगते आहे, कारण अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातल्या बाईने पूर्ण स्तन काढायला होकार दिला, तर त्यामागे रोगाची भीती कमी आणि रोजच्या एसटीचा हिशेब जास्त असू शकतो. सोलापुरात नाहीतर बार्शीला महिना-सव्वा महिना रोज यायचं, तर विड्या वळायच्या कधी आणि पोरांकडे बघायचं कुणी? बार्शीने ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद १९८७ पासून ठेवली आणि देशाला वाट दाखवली. त्याच जिल्ह्यातल्या बाईने अंतरापायी स्तन गमवावा हे मला पटत नाही. म्हणून विचारा, "मला पंधरा वेळांत जमेल का? पाच वेळांत जमेल का?"

सगळ्यांना स्तन ठेवता येत नाही हेही ऐकून घ्या. स्तनाच्या दूरदूरच्या भागांत गाठी असतील, सगळा स्तन लाल सुजून आलेला कर्करोग असेल, छातीला पूर्वी शेक दिलेला असेल, गरोदरपणामुळे किरणोपचार वेळेत देता येणार नसतील, तर मार्ग बदलतो. आणि सगळं समजून घेऊन कुणी म्हणाली, "डॉक्टर, पूर्णच काढा, मला घोर नको," तर तोही निर्णय योग्यच. माझी तक्रार आहे ती न सांगता घेतल्या गेलेल्या निर्णयांबद्दल.

दिसण्याचं मोजमाप कसं करतात, याची गंमत आहे. १९७९ पासून अमेरिकेत हॅरिस यांची चार पायऱ्यांची पट्टी वापरात आहे. दुसऱ्या स्तनासारखाच दिसला तर उत्तम, थोडा वेगळा तर चांगला, स्पष्ट वेगळा तर मध्यम, विद्रूप तर वाईट. गुण देणारा डॉक्टर. पुढे पोर्तुगालमध्ये फोटोवरून डाव्या-उजव्याचा फरक, रंग आणि व्रण मोजणारं सॉफ्टवेअर आलं. २००९ मध्ये बाईलाच विचारणारी ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली आली. या तिघांचं उत्तर एक येत नाही! आम्ही "मध्यम" लिहिलेली बाई समाधानी असते. "उत्तम" लिहिलेली सांगते, "ब्लाउजच्या मापाला टेलरबाईपुढे उभी राहायला नको वाटतं." कुणाला व्रणाचं काही नसतं, पण कुशीवर झोपलं की दुखतं. आधी नीट कल्पना दिलेली असली, की तीच छाती बाईला जास्त सुसह्य वाटते, हा मात्र माझा अनुभव आहे. यासाठी ऑपरेशनआधी फोटो काढून ठेवावेत. बाईच्या संमतीने, चेहरा न घेता.

*(श्रोत्यांपैकी एका गृहस्थांनी विचारले: "बायकोबरोबर आत यावं का? तिलाच संकोच वाटतो.")*

तिला विचारा, मला नको. यायला सांगितलं तर या, आणि आत आल्यावर तिच्या वतीने उत्तरं देऊ नका.

*(एका महिलेने विचारले: "माझी बहीण पासष्टची आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात स्तन ठेवून काय करायचं.")*

पासष्टीत ती साडी नेसते, आरशात बघते, लग्नाकार्याला जाते ना? मग वयावर उत्तर देता येत नाही. गाठ किती मोठी, कुठे आहे, सुईच्या तपासणीत काय आलं, हृदय-शुगर कसं आहे, त्यावर देता येतं. मंगळवारी कागद घेऊन या. बहिणीला पण आणा.